हातमोज्यांची उडी

"रिकामं असेल तिथं रिकामं म्हणायचं. शून्य म्हणायचं नाही. शून्य म्हणजे आपण जाऊन पाहिलं आणि तिथं काही नव्हतं. रिकामं म्हणजे आपण पाहिलंच नाही."

आकडेवारी कार्यालयातले आमचे प्रमुख, म्हणजे सर, यांनी हे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता, पेन्सिलीला टोक काढत. मी बावीस वर्षांची होते. वही उघडून त्यांचे शब्द लिहून घेतले आणि खाली दोन रेघा मारल्या. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी हळूच म्हणाली, "एवढ्यात रेघा नको मारूस. संध्याकाळपर्यंत अजून चाळीस गोष्टी सांगतील."

ती मैना. खरं नाव वेगळं, पण आकडे वाचताना तिचा आवाज असा वरखाली व्हायचा की सगळं कार्यालय तिला मैनाच म्हणे. पुढची अकरा वर्षं आम्ही दोघी एका टेबलाशी बसलो. तक्ता तयार झाला की एकीनं मूळ कागदावरून मोठ्यानं वाचायचं आणि दुसरीनं नक्कलेवर प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीचा ठिपका द्यायचा, अशी आमच्याकडची पद्धत. मैना वाचायची, मी ठिपके द्यायची. "काच. चार, सात, शून्य, दोन. बिस्किटं. नऊ, एक, एक, रिकामं." दुपारच्या उन्हात, खिडकीशी कबुतरं घुमत असताना, ते ऐकत राहावं असं वाटे. चुकून डुलकी लागलीच तर मैना त्याच सुरात म्हणायची, "हातमोजे. आठ, तीन, झोपली ग बाई, सहा."

आमची खोली जुन्या टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर होती. मधे एक लांब टेबल, त्याचा एक पाय आखूड, त्याखाली कुठल्याशा देशाचा वार्षिक अहवाल घडी करून घातलेला. सर म्हणायचे, "या अहवालाचा एवढाच उपयोग झाला." कोपऱ्यात हँडल फिरवायचं गणनयंत्र होतं. भागाकार करताना ते असं खडखडायचं की खालचा टपालमास्तर वर येऊन विचारून जाई, "दळण संपलं का?"

काम मोठं होतं. चौदा देशांनी मिळून ठरवलं होतं की आपापल्या देशातल्या एकेका उद्योगाचं मोजमाप एकाच पद्धतीनं करायचं. माल किती निघाला, तो काढायला माणसांचे किती तास गेले, यंत्रं किती लागली, कच्चा माल किती. मग चौदांचे तक्ते शेजारी ठेवून बघायचं, कोण कशाच्या जोरावर पुढे गेलं. कुणी विचारलं की सर सांगायचे, "लोक म्हणतात, देशाची भरभराट झाली का ते सांगा. मी म्हणतो, थांबा हो. आधी बिस्किटं बघू, मग काच, मग हातमोजे. भरभराट कुठल्या तरी दारातून आत येते ना? दार तर शोधू."

आणि मग ते ती गोष्ट सांगायचे जी मला सगळ्यांत आवडायची. माल वाढला, तर आधी विचारायचं, तास वाढले का? यंत्रं वाढली का? कच्चा माल वाढला का? या सगळ्यांचा वाटा काढून घेतला तरी मागे काहीतरी उरतं. ते कशामुळे आलं हे नीट कुणालाच सांगता येत नाही. माणसं शहाणी होतात, काम करायची रीत सुधारते, असं काहीबाही. त्या उरलेल्यालाच उत्पादकतेची वाढ म्हणायचं. "आपण जन्मभर हे उरलेलं मोजणार," सर म्हणायचे. मी तेव्हाही रोजचा जप करत होते, माळ पुरी होईपर्यंत कुणाशी बोलत नव्हते. माझ्या मनात ते उरलेलं म्हणजे कृपा, असंच बसलं. सगळं केलं, सगळं मोजलं, आणि त्यावर ओंजळभर जे मिळालं ते. हे मी कुणाला सांगितलं नाही. मैनेला तर नाहीच नाही.

परवा सकाळी माझं मौन सुटायच्या आधी फोन तीनदा वाजला. नंतर मी उलटा लावला. आमच्या विभागाची आताची प्रमुख. शिकाऊ म्हणून आली तेव्हा पहिला तक्ता माझ्याकडून शिकली, म्हणून अजून मला बाई म्हणते.

"झाला का नेम, बाई? मग बोलते. घाबरू नका हं, पण तुमचे हातमोजे नडलेत."

"माझे?"

"तुमच्या वेळचे. चौदा देशांचे जुने तक्ते पुन्हा तपासून एकत्र छापायचं चाललंय. चौदा देशांच्या मुख्य कार्यालयातल्या बाईंचं पत्र आलंय. म्हणतात, तेरा देशांत हातमोज्यांच्या उत्पादकतेची रेघ हळूहळू चढते, तुमच्याकडे एका वर्षात दीडपट उडी मारते, याचं कारण द्या. दहा दिवसांत तक्ते गोठवणार. त्यानंतर बदल नाही."

"मग काय कळवणार आहेस?"

"सरांचा लेखच पाठवते ना. त्यात लिहिलंय, कातडं कापायची नवी यंत्रं आली, कामाची रीत बदलली. अजून विद्यार्थ्यांना शिकवतात तो. पण म्हटलं, आधी बाईंना विचारावं. तक्ता तुमच्या हातचा."

मी म्हटलं, "पाठवू नकोस. येते मी."

मला माहीत होतं. विसरले होते असं म्हणणं सोयीचं आहे, पण खरं नाही.

नवीन कार्यालय काचेचं आहे. जुने कागद तळघरात, लोखंडी कपाटांत. प्रमुखीण स्वतः शिडीवर चढली, वरून म्हणाली, "बाई, तुमच्या काळात गाठी कोण मारायचं? सुटता सुटत नाहीत." मी म्हटलं, "मीच." त्या वर्षाचा हातमोज्यांचा कागद निघाला. 'घरी बसून काम करणाऱ्यांचे तास' असा स्तंभ. आधीच्या वर्षांत त्यात मोठमोठे आकडे. त्या वर्षी माझ्या अक्षरात एक गोल, नेटकं शून्य. त्याच्या पुढच्या वर्षीही शून्य. पुढेही.

त्या वर्षी असं झालं होतं. कारखान्यांनी शिलाईचं काम घरोघरी वाटायला मध्यस्थ नेमले. बायका त्याच, सुया त्याच, फक्त गठ्ठे मध्यस्थ आणू लागला. कारखान्यांनी तो स्तंभ कोरा ठेवला आणि शेरा मारला, 'आमच्याकडे नोंद नाही'. हातमोजे मात्र पूर्वीइतकेच, उलट थोडे जास्तच, कारखान्याच्या नावावर मोजले गेले. सर तेव्हा चौदा देशांच्या बैठकीला गेले होते. तक्ते त्याच दिवशी यंत्रखोलीत, नव्यानं आलेल्या हिशेबयंत्रात भरायला द्यायचे होते. तिथला माणूस म्हणाला, "बाई, कोरी चौकट यंत्र घेत नाही. काहीतरी भरा." मी म्हटलं, रिकामं आहे हो ते. तो म्हणाला, "रिकामं म्हणजे शून्यच ना? कसला एवढा विचार करता!"

मी शून्य भरलं. उद्या सरांसाठी चिठ्ठी लिहून ठेवू, असं ठरवलं. उद्या साखरेचा तक्ता आला, परवा सिमेंटचा. सर परतले ते नाचतच. "अगं, हातमोज्यांनी कमाल केली! तास एकदम घटले आणि माल वाढला. मी उगाच म्हणत होतो आपल्याकडे काही घडत नाही म्हणून! ताडून पाहिलंस ना नीट?"

मी म्हटलं, "हो."

खोटं नव्हतं ते. मैनेनं "शून्य" वाचलं होतं, मी ठिपका दिला होता. तरी त्या रात्री जपाची माळ मधेच अडली, पुन्हा पहिल्या मण्यापासून धरावी लागली.

आणि घरी काय होतं? घरी माझी आई खिडकीजवळ पाटावर बसून हातमोजे शिवत होती. सकाळी माझा डबा भरून झाला की गठ्ठा सोडायची. कातड्याची तिधारी सुई, मेण ओढलेला दोरा, डाव्या अंगठ्याला चिंधीची पट्टी. अंगठ्याचा तुकडा बसवणं सगळ्यांत अवघड, तिथं ती ओठ मुडपून श्वास रोखायची. मी कामावरून यायची तोवर शेजारी बोटं वर करून हातमोज्यांची रास पडलेली असे. एकदा सर्वेक्षणाचा माणूस दाराशी आला. विचारलं, "आपण काय करता?" आई हातातली सुई पदरात खोचत म्हणाली, "काही नाही. घरीच असते." मी आत चहा टाकत होते. ऐकलं, हसले, आणि विसरले.

त्या तळघरात, कागद हातात घेऊन, मला पहिल्यांदा नीट कळलं. सगळं मोजून जे उरतं, ज्याला मी कृपा समजत आले, त्या वर्षीचं ते उरलेलं म्हणजे आईचे हात होते. आई आणि तिच्यासारख्या गल्ल्यागल्ल्यांतल्या बायका. आम्ही त्यांना तक्त्यातून उचललं, त्यांनी शिवलेला माल तेवढा ठेवला, आणि म्हटलं, बघा, केवढी प्रगती!

"बाई, पाणी आणू?" प्रमुखीण शिडीवरून उतरली होती.

"नको. सरांकडे जाऊन येते."

"त्यांना सांगणार? अहो, एकोणनव्वद वर्षांचे आहेत. त्यांचा सगळ्यांत गाजलेला लेख आहे तो." मग म्हणाली, "मी गप्प बसू शकते. तेही उत्तरच आहे. तक्ते जसे आहेत तसे गोठतील, कुणाला काही कळणार नाही."

तिचा हेतू वाईट नव्हता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाले.

दार सरांच्या सुनेनं उघडलं. "या. आज बरे आहेत. फक्त ओरडायला लावू नका, नंतर खोकला मला निस्तरावा लागतो."

सर खिडकीपाशी खुर्चीत होते, गुडघ्यांवर शाल, मांडीवर वर्तमानपत्र आणि हातात पेन्सिल. वर्तमानपत्रातल्या आकड्यांच्या चुका शोधायची सवय अजून गेलेली नाही. "ये, ये. हे बघ, या गाढवांनी टक्क्यांची बेरीज एकशे चार केलीय. बस. मैना कशी आहे?"

"लेकीकडे असते, परदेशात. फोन येतो सणावारी."

"अजून गाते का?"

"नातवंडांना पाढे म्हणून दाखवते म्हणे."

सर हसले. मग माझ्याकडे पाहून थांबले. "काय झालंय? तू चूक करून आलीस की असा चेहरा करायचीस. तीस वर्षं निवृत्त आहे मी, पण चेहरा ओळखतो."

मी सगळं सांगितलं. कोरा स्तंभ, यंत्रखोलीतला माणूस, शून्य, आणि माझं ते "हो". सांगताना आवाज इतका खाली गेला की सरांनी दोनदा कानामागे हात धरला. शेवटी मी कागदाची प्रत त्यांच्यापुढे ठेवली.

सरांनी पेन्सिलीचं टोक त्या शून्यावर टेकवलं. आत भांड्यांचा आवाज थांबला. सून ऐकत असावी.

"म्हणजे उडी कुणी मारलीच नाही," सर म्हणाले. "खालची फळी सरकली, आणि मी टाळ्या वाजवत होतो."

"चूक माझी आहे, सर. तुमच्या लेखाला..."

"लेख राहू दे बाजूला! मीही विचारलं नाही ना. कापणी यंत्रं आली होती खरी. पण कापणी यंत्र शिवत नाही, हे शाळकरी पोरालाही कळतं. मला उडी हवी होती, ती मिळाली, मी प्रश्न बंद केले." खोकल्याची उबळ आली. मी पाणी दिलं. घोट घेऊन त्यांनी शांतपणे विचारलं, "तुझी आई शिवायची ना? तू एकदा म्हणाली होतीस."

"हो."

"रोज किती जोड?"

तिची बोटं आठवत होती, दोऱ्याला मेण ओढताना होणारा करकर आवाज आठवत होता, राशीचा वास आठवत होता. "माहीत नाही, सर."

"एका जोडाला किती वेळ?"

"माहीत नाही. कधी विचारलं नाही."

"साखर कारखान्यातल्या माणसाचे तास तू मला झोपेतही सांगशील."

मी मान खाली घातली. आईला जाऊन बारा वर्षं झाली. रोज सकाळी तिच्या नावानं दोन फुलं वाहते मी. पण तिला एकदाही विचारलं नव्हतं की आई, तुला एक जोड शिवायला किती वेळ लागतो गं?

सरांचा स्वर मऊ झाला. "रडू नकोस. रडून तास मिळत नाहीत. आता ऐक. आपण नुसतं कळवलं की ते शून्य चुकीचं आहे, तर ते चौकट रिकामी करतील. मग कुणीतरी हुशार पोरगं शेजारच्या देशाची सरासरी आणून त्यात भरेल. त्यापेक्षा खरा आकडा हवा. शिवणाऱ्या बायका अजून आहेत कुणी?"

"आमच्या जुन्या गल्लीत काकू आहेत. त्र्याऐंशीच्या. त्यांच्या जावा आहेत, पलीकडच्या चाळीतल्या दोघीतिघी. आई त्यांच्यातच बसायची."

"पाचसहा जणी पुरेत सुरुवातीला. एका जोडाचा वेळ त्यांच्याकडून घे. जोड किती निघाले ते कारखान्यांच्या कागदात आहेच. गुणाकार मला अजून येतो." पेन्सिल त्यांनी माझ्या दिशेनं रोखली. "आणि हे बघ, काय करत होता असं विचारायचं नाही. काही नाही म्हणतील. विचार, गठ्ठा कधी सोडायचात आणि सुई कधी ठेवायचात. मधे किती वेळा उठायचात. प्रत्येकीला वेगळं विचार. एकत्र बसवलंस तर सगळ्या काकूंचंच उत्तर देतील."

"आणि तुमचा लेख?"

"त्याखाली मी माझ्या हातानं लिहीन की लेखक चुकला होता. तेवढी अक्कल आहे अजून शिल्लक." मग हळू म्हणाले, "रविवारपर्यंत आण. दहा दिवस त्यांचे. माझे किती ते मला माहीत नाही."

"आणते, सर."

"नक्की?"

"शब्द देते."

सून दार लावायला आली तेव्हा जिन्यात कुजबुजली, "किती दिवसांनी असे बोलले! बरं झालं आलात." मला तिच्याकडे बघवेना.

आज सकाळी नेम आटोपला. जेवणघराच्या टेबलावर बसून मी सहा कागद आखले, प्रत्येकीला एक. वरची जागा नावासाठी. त्याखाली दिवसाचे तास उभे, आठवड्याचे वार आडवे. प्रश्न मनातल्या मनात काकूंना विचारून पाहिले. आधी अवघड वाटले, मग सोपे केले. काकू पहिल्यांदा चेष्टा करणार हे ठाऊक आहे. म्हणतील, "एवढी शिकली, एवढ्या मोठ्या हापिसात बसली, आणि आता आमच्या सुया मोजायला आली होय!" म्हणू देत.

प्रमुखिणीला निरोप पाठवला की रविवारपर्यंत तिकडं काही कळवू नकोस. काकूंच्या सुनेला सांगितलं, अकरापर्यंत पोहोचते, काकूंना जेवायच्या आधी गाठायचंय. तिनं विचारलं, काही काम होतं का? मी म्हटलं, "हो, काकूंकडेच."

कागद पिशवीत सरळ ठेवले, वाकू नयेत म्हणून मधे पुठ्ठा घातला. दोन पेन्सिली घेतल्या. चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि खालच्या रस्त्यानं जुन्या गल्लीकडे चालू लागले.